दोरी नेणारी होडी

आबा, मी होडीच्या पंख्यात अडकलेला दोरा काढत बसले होते. गोधडीचा लाल दोरा आहे, दांड्याभोवती करकचून गुंडाळलेला. नखानं निघेना, सुरीनंही निघेना, तेव्हा होडी तशीच बाजूला ठेवली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला अक्षर लागत नव्हतं, ते मला ठाऊक आहे. तुम्ही असतात तरी मीच वाचून दाखवलं असतं, तुम्ही डोळे मिटून ऐकलं असतंत आणि मी थांबले की विचारलं असतंत, "मंग फुडं?" तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचं ते "मंग फुडं" अजून कानात आहे. म्हणून लिहितेय.

भाटघर धरणाच्या पाण्यात तुम्ही जाळी टाकायचात, पण लोक तुम्हाला ओळखायचे ते बुडालेलं माणूस काढणारा म्हणून. पोलीस पाटलाचा निरोप आला की समोरचं ताट सारायचात आणि गळ नि दोरी घेऊन निघायचात. कधी सारोळ्याच्या पुलाखाली नीरेत, कधी पार वेल्ह्याकडं. शाळेला सुट्टी असली की मीही मागं लागायचे. तुम्ही होडीत उभे आहात, लोखंडी काट्यांचा तो गळ तळातून दमादमानं ओढताय, आणि काठावरची माणसं रडायचीसुद्धा थांबली आहेत. दोरी जड होते. तुम्ही पाण्याकडं वाकून, घरातल्या माणसाला उठवावं तसं म्हणता, "चल लेकरा, घरी जाऊ." बाईमाणूस असलं तर, "चला बाई, घरी जाऊ." मला तेव्हा याची लाज वाटायची. मेलेल्याला काय ऐकू येणार, असं मनात यायचं. एकदा घरी येताना मी तुम्हाला विचारलं होतं, आबा, जिवंत कुणी निघालं का कधी? तुम्ही दोरी पिळत होतात. "न्हाई. आपल्याला बोलावत्यात तवा समदं झाल्यालं असतं," म्हणालात. मग बरंच चालून गेल्यावर, मी विचारलेलं विसरूनही गेले होते तेव्हा, आपणहून म्हणालात, "एक जरी जित्ता भायेर आला असता ना, त्याचं त्वांड म्या जलमभर इसरलो नसतो."

तुमच्या हातचा मार मी एकदाच खाल्ला, तोही होडीपायीच. बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर, दोन पेन्सिल सेल आणि थर्माकोलचा तुकडा, अशी माझी पहिली होडी. पत्र्याचा पंखा मीच कापला होता. ती पाण्यावर फुरफुरत निघाली आणि मी टाळ्या पिटत होते. त्याच दिवशी सकाळी तुम्ही त्याच काठावर कुणाचा तरी तरणा मुलगा आणून ठेवला होता, याचं मला भानच नव्हतं. तुम्ही मागून आलात, पाठीत धपाटा घातलात आणि होडी उचलून पायाखाली मोडलीत. "ह्या पान्यात खेळायचं न्हाई," एवढंच बोललात. मी रागानं जेवले नाही, तर तुम्हीही जेवला नाहीत. पुढच्या बाजारी भोरहून येताना पिशवीतून मिरच्यांच्या खाली दडवून एक नवी कोरी मोटर आणलीत, कागदात गुंडाळलेली. "गुरांच्या हौदात चालीव," म्हणालात. म्हैस त्या होडीला बिचकून पाणी पीत नव्हती, म्हणून आई तुमच्यावर चिडली होती. ती मोटर अजून माझ्याकडं आहे, जाम झालीय.

आणि तुम्ही गेलात कशानं, तर छातीत पाणी होऊन. पुण्याच्या दवाखान्यात उशांना टेकून बसला होतात, आडवं झालं की जीव घाबरायचा. डॉक्टरनं सुईनं पाणी काढायचं म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. "म्या समद्यांना पान्यातनं काडलं, आता माज्यातलं पानी डाक्तर काडतोय बग." मी हसले नाही. हसायला हवं होतं, तुम्ही माझ्यासाठीच बोलला होतात.

त्यानंतर मी शिकवते त्या कॉलेजातून रविवारी घरी आले की एकच गोष्ट करत बसायचे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना मोटर शिकवते, तर एक अशी होडी करावी की जी काठावरून रिमोटनं सोडता येईल आणि बुडणाऱ्यापर्यंत दोरी नेईल. माणसाला ओढायचं काम काठावरच्यांचं, होडीनं फक्त दोरी पोचवायची, पण लोक धावपळ करून तुमच्यासारख्या कुणाला बोलावून आणतात त्याच्या आधी. पहिली मोटर घेतली ती नुसत्या वेगावर भाळून. फेरे भरपूर, आणि तिच्यावर छोटा, दोन पात्यांचा पंखा. मोकळी होडी अशी सुटली की धुणं टाकून बाया बघत राहिल्या. मागं दोरी बांधली, तर नाक वर करून जागच्या जागी पाणी घुसळायला लागली आणि आतून तारा जळल्याचा वास. तेव्हा तुमची दोन वल्ही आठवली, भरभर जायचं अरुंद आणि गळ ओढताना रुंद, दमानं मारायचं. हे ज्ञान पुस्तकात नसतं असं म्हणून मी तुम्हाला थोर करणार नाही. पुस्तकात आहे, मीच नीट वाचलं नव्हतं. मग कमी फेऱ्यांची, अंगानं जाड मोटर आणली आणि मोठा, तीन पात्यांचा पंखा लावला. मोठा पंखा करंट जास्त खातो, म्हणून बॅटरी मोठी हवी. मोटरसायकलची जुनी बॅटरी ठेवली तर होडी गळ्यापर्यंत पाण्यात बसली. मग हलकी, ड्रोनमधे असते तसली लिपो बॅटरी घेतली, तर ती पूर्ण भरून नुसती ठेवली की फुगते, आणि ही होडी तर कायम तयार पाहिजे. म्हणून दोन बॅटऱ्या, आलटून पालटून. पंख्याला जाळी घालावीच लागली, कारण घाबरलेला माणूस पहिल्यांदा काय धरेल याचा भरवसा नाही. जाळीनं ओढ थोडी कमी झाली, ती मी सोसली. सुंभाची दोरी भिजून बुडते, तिच्या जागी तरंगणारी प्लॅस्टिकची दोरी आणि टोकाला स्कूटरची फुगवलेली ट्यूब. तुमचा पुतण्या हे सगळं बघून म्हणाला, "अक्का, हिच्यात कोंबडी बसंल, मानूस कुटं बसनार?"

यंदा नवरात्राच्या आधी धरण काठोकाठ भरलं होतं. घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण धुवायचं म्हणून वाडीतल्या बाया गोधड्यांची गाठोडी घेऊन खाली गेल्या होत्या. वरच्या आळीतल्या मावशी आणि त्यांची सून जरा लांब, दोघीच धूत होत्या. सुनेच्या हातातून एक गोधडी निसटली. फुगून तरंगायला लागली, म्हणून ती तिच्या मागं दोन पावलं गेली. तिथं पाण्याखाली जुन्या शेताचा बांध आहे, हे तुम्हाला सांगायला नको. बांध संपला की एकदम डोक्यावर पाणी. सून गेली, आणि तिला धरायला सासू गेली.

आरडाओरडा ऐकून मी होडी उचलून पळाले. सोडली. आबा, ती गेली. दोरी घेऊन सरळ गेली, नाक वर केलं नाही, थांबली नाही. ट्यूब दोघींच्या मधे पोचली. मावशींचा हात ट्यूबवर आलेला मी बघितला. मग त्यांनी सुनेचा दंड धरून तिचा हात ट्यूबमधे घातला, असं मला दिसलं. काठावर माझ्याजवळ उभी असलेली शेजारीण म्हणते, तसं काही नाही, मावशींचा हात निसटला. मला माहीत नाही. आम्ही सगळ्यांनी दोरी ओढली आणि सून बाहेर आली, ओकली, रडली, जिवंत. मी होडी मावशींसाठी तशीच परत फिरवली. ती गोधडीपाशी जाऊन तिच्यात अडकली, पंखा थांबला. पाण्यावर दुसरं काही नव्हतं.

तुमचा गळ माळ्यावरून काढला. पुतण्या वल्हवत होता, दोरी माझ्या हातात. हिसका मारायचा नाही, हे तुम्ही सांगितलेलं. बऱ्याच वेळानं दोरी जड झाली आणि माझे हात असे कापायला लागले की सगळं सुटतंय की काय. तेव्हा माझ्या तोंडून आलं, "चला मावशी, घरी जाऊ." आणि हात थांबले. तुम्ही ते कुणासाठी म्हणत होतात ते मला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी भिजलेल्या लुगड्यानिशी घराकडं चालताना मला एवढंच वाटत होतं की कधी एकदा घरी जाते आणि आबांना सांगते, एक जिवंत आली. पायरीवर आल्यावर आठवलं. तिथंच बसून मी रडले, तुम्ही गेलात तेव्हा रडले नव्हते इतकी.

हे पत्र कुठं टाकायचा प्रश्नच नाही, घडी घालून त्या जाम मोटरच्या डब्यात ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलंय, ते तोंडानं कुणाला सांगता आलं नाही. परवा भोरच्या बाजारात एका बाईनं माझा हात धरला. कडेवर पोर होतं. मी भाव सांगणारीकडं बघावं तशी तिच्याकडं बघत राहिले. "अक्का, वळाकलं न्हाई व्हय?" ती म्हणाली, "म्या ती, गोदडीमागं गेल्याली." मी तिला जवळ घेतलं, पोराच्या गालाला हात लावला, बोलले. पण आबा, मी तिला ओळखलं नव्हतं. आता लिहितानाही डोळे मिटले की मावशी दिसतात, कपाळावरचं गोंदण आणि कानातल्या कुड्यांसकट. ती जिवंत आली, आणि तिचं तोंड मला आठवत नाही.