खुनी बदलायचा नाही

प्रिय गुरुजी,

बायकोने नवऱ्याला 'गुरुजी' म्हणावं का, यावर तुमच्या आईने जन्मभर नाक मुरडलं. पण अख्खं माजलगाव म्हणायचं, म्हणून मीही म्हणत आले. तुम्ही गेल्यापासून पत्र लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. आज लिहितेय, कारण माझं डोकं फिरलंय आणि भांडायला घरात दुसरं कुणी नाही!

काल तुमच्या 'काट्यावरचा खून' या पुस्तकावरच्या मालिकेचा शेवटचा भाग लागला. तीच मालिका, जिच्या करारावर तुम्ही आजारपणात, उशीला टेकून, मला न विचारता सही केलीत. मुंबईची माणसं आली, "गुरुजी, तुम्ही काळाच्या पुढे होता," म्हणाली, आणि तुम्ही चढलात हरभऱ्याच्या झाडावर! शेवटी खुनी कोण राहील, एवढं विचारायचं सुचलं नाही का हो?

तुमच्या पुस्तकांत खुनी शोधणाऱ्या नानांचं काय केलंय, ते आधी ऐका. आपले नाना म्हणजे निवृत्त तलाठी, जुनी सायकल, खिशात भाजलेल्या शेंगा. मालिकेत ते तिशीचे झालेत. कोरलेली दाढी, बायको सोडून गेलेली, झोपेच्या गोळ्या. भिंतीवर फोटो चिकटवून त्यांना लाल दोरे बांधत बसतात. आपल्या नानांना कशाला लागतोय फोटो? त्यांना माणूस बाजारात भेटायचा.

आणि पाऊस! प्रत्येक भागात झड लागलेली. अहो, एवढा पाऊस पडत असता, तर आमच्या आष्टीकडची माणसं ऊस तोडायला परमुलखात गेली कशाला असती? माणसं बोलतात तेही कोल्हापूरकडचं. एकाच्या तोंडी 'का'ऐवजी 'कावून' नाही.

हे सगळं मी गिळलं. काळ बदलतो, नानांच्या हाती मोबाइल आला तर येऊ दे. गोष्ट जुनी असली म्हणून तिला नवं लुगडं नेसवू नये, असं मी म्हणणार नाही.

काल माझा भाऊ भानुदास आष्टीहून मुद्दाम आला होता. ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या गावी परतल्यात, तर टोळीतली चार घरं घेऊनच आला. दाजींचं नाव टीव्हीवर बघायचं म्हणून बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. मी चिवडा केला होता. तुमचं नाव आलं तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आणि शेवटी खुनी कोण निघाला? सखाराम! तुमचा ऊसतोड्या सखाराम, ज्याला निर्दोष सोडवण्यासाठी तुम्ही ते पुस्तक लिहिलंत! साखर कारखान्याचा चेअरमन त्याच्याकडे बघून खिन्नपणे मान हलवतो आणि मालिका संपते.

मग भानुदास खाली बघत म्हणाला, "आक्का, दाजीनं आसं लिव्हलतं व्हय? आमी तर समजत हुतो, दाजी आपल्या बाजूचे हायेत."

गुरुजी, तुमच्या चितेपुढे मी रडले नसेन एवढी रडले. माझ्या माहेरच्या माणसांनी तुम्हाला जावई म्हणून डोक्यावर घेतलं आणि काल त्यांच्या मनातून तुम्ही उतरलात. तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी!

तुम्हाला धोंड्याचा महिना आठवतो का? पहिल्यांदा जावई म्हणून आलात आणि भिंतीवरचा कोयता उचलून धारेवर बोट फिरवायला गेलात. माझे बाबा ओरडले, "आवो पावनं, बोट जाईल! हंगामात कोयत्याला कानस मारून धार काढल्याबिगर ऊसतोड्या सकाळचा च्या पन पीत न्हाई." तुम्ही तिथल्या तिथे गप्प झालात. मला वाटलं, राग आला. पुढे कळलं की तुमच्या डोक्यात खून शिजत होता!

पुस्तकात तोच तर पुरावा आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या कारकुनाला उसाच्या वजनातली लबाडी कळते आणि त्याचा खून होतो. प्रेताजवळ कोयता सापडतो आणि सगळे सखारामला धरतात. नाना फक्त धार बघतात. बोथट, गंजलेली, कानशीचा एक ओरखडा नाही. ऐन हंगामात असा कोयता ऊसतोड्याचा असूच शकत नाही. तो असतो चेअरमनच्या बंगल्यावर, बागेतली झुडपं छाटायला ठेवलेला.

मालिकेत ती धारच नाही. सकाळी मी मालिका काढणाऱ्या त्या मुंबईच्या बाईंना फोन करून विचारलं. म्हणाल्या, "काकू, शहरातल्या प्रेक्षकाला कानस माहीत नसते. शिवाय चेअरमन खुनी, हा अंदाज सगळ्यांना येतो. आम्हाला धक्का द्यायचा होता."

"गरीब खुनी निघाला याचा धक्का?" मी म्हटलं. "बाई, आमच्याकडे पहिला संशय त्याच्यावरच घेतात. धक्का दिला होता तो आमच्या गुरुजींनी!"

पुस्तक छापायला निघालं तेव्हा एका पुढाऱ्याचा माणूस आपल्या ओसरीवर येऊन बसला होता. "चेअरमनच कावून, गुरुजी? दुसरा कुनी करा की खुनी." तुम्ही त्याला चहा पाजलात आणि नाही म्हणालात. पुढच्याच महिन्यात बदली, थेट आष्टीच्या टोकाला. तर तुम्ही काय म्हणालात? "बरं झालं, सासुरवाडी जवळ आली!" आणि त्या धमकीने जे झालं नाही, ते या लोकांनी गोड बोलून केलं.

आता त्यांना तुमची बाकीची पुस्तकं हवीत. मी म्हटलं, खुनी बदलणार नाही असं लिहून द्या. त्या म्हणाल्या, तसं बांधून घेता येत नाही. मग मलाही सही करता येत नाही, म्हटलं आणि फोन ठेवला. आपला पुण्याचा लेक रागावलाय, "आई, पप्पांचं नाव झालं असतं!" म्हणतोय. नाव कालच झालं की, भानुदासला विचार म्हणावं.

मग दुपारी, रात्री मुक्कामाला राहिलेल्या सगळ्यांना पुन्हा ओसरीवर बसवलं आणि तुमच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं. कानशीचं वाक्य आलं तशी भानुदासने मांडीवर थाप मारली. "आरं, ही तर आपल्या बाची गोष्ट हाय!" एक म्हातारी तर उठून चेअरमनला शिव्या द्यायला लागली. भानुदासने मोबाइल काढला. म्हणाला, "आक्का, पैल्यापासून वाच. मी आवाज भरून घेतो. आपल्या समद्या टोळ्यांला धाडतो."

तेव्हा गुरुजी, तुम्हाला वचन देते. मी एकेक पुस्तक वाचणार आहे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, माझ्या आष्टीच्या बोलीत. दसऱ्यानंतर माणसं पुन्हा उसाच्या फडावर जातील, तेव्हा त्यांच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये नाना बोलतील. आणि खुन्याचं नाव घ्यायची वेळ येईल, तेव्हा माझा आवाज खाली येणार नाही.

तुमची,
आणि गेनबा ऊसतोड्याची लेक,
कौसल्या