बिजागरीतली पुट्टी

३ फेब्रुवारी
हात सुटला. लिहून ठेवतो, मागनं नाकारायला नको. रिटायर होऊन सहा वर्सं झाली, फौजेत सिग्नलला असतानाची रोजच्या नोंदीची सवय तेवढी ऱ्हायली.

सकाळी अकराला दीपा आतल्या खोलीत लॅपटॉपवर पोरांना गणित शिकवत हुती. मी चहासाठी तीन हाका मारल्या. ओ न्हाई. दारात गेलो तर माझ्याकडं न बघता बोट वर केलं, थांबा म्हणून. बापाला बोट! लॅपटॉप वायरीसकट उचलला आन भिरकावला. चौकटीवर बसला, तिथनं उसळून तिच्या भुवईवर. ती वरडली न्हाई. स्क्रीनवरची पोरं वरडली.

चार टाके. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? सौ. म्हणाली, "पायरीवरनं पडली." मी शेजारीच उभा.

४ फेब्रुवारी
उंब्रजवरनं मेव्हणा गाडी घिऊन आला. दीपा गेली. चोवीस वर्साची पोरगी, कपाळाला पट्टी, मामाच्या गाडीत मागं बसली आन काच वर केली. म्हटलं, नवा लॅपटॉप घिऊन देतो. आईला म्हणाली, "ज्यानं फोडला त्यानंच नीट करायचा, आन त्यानंच आणून द्यायचा. तवर मी ह्या घरात पाय ठेवायची न्हाई."

कॉलेजात स्कॉलरशिपवर घेतल्याला जुना डबा हाय तो. पर अडून बसली. माझीच पोरगी.

६ फेब्रुवारी
चालू केला. दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन नुसता फडफडतोय. झाकण मागं केलं की पांढरा, पुढं घेतलं की जरा दिसतं, परत फडफड. टीव्हीला जोडला, तर टीव्हीवर चित्र लख्ख. म्हंजे आतलं सगळं जित्तं हाय, झाकणात जाणारी वायर गेलीया. बिजागरीतनं जाती ती. वायरलेस सेट उघडण्यात जन्म गेला माझा, एवढं कळतंय.

कळतंय, पर डोकं थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. अर्धा तास ती फडफड बघितली आन भिंतीवर बुक्की घातली. बोटाचं सालटं गेलं. ह. सु. (हात सुटला. हितनं पुढं एवढंच लिहिणार.) भिंतीवर का असंना, धरला.

८ फेब्रुवारी
लबाडी केली. म्हटलं दुकानात टाकू आन मीच केला म्हणून सांगू. माधवनगरला गेलो. दुकानदार तिशीतला, चष्मेवाला. उलटापालटा करून म्हणाला, "कसा पडला?"

"टेबलावरनं."

"न्हाई वो काका. टेबलावरनं पडल्याला एका कोपऱ्यात चेपतो. ह्यो कुणीतरी ताकदीनं हाणलाय."

कॉलर धरून काउंटरवर आडवा ओढला त्याला. शर्टाची बटणं तुटली. चष्मा खाली पडला तो माझ्याच बुटाखाली आला, काच वाजली. रस्त्यावरची दोन माणसं आत आली सोडवायला. ह. सु. लॅपटॉप काखेत मारून कुंडलला घरी परत.

९ फेब्रुवारी
सोताच उघडला. पांढरं फडकं अंथरलं, बॅटरीची वायर आधी काढली. स्क्रू निघतील तसे कागदावर मांडले. अकरा निघाले, त्यातले तीन भलतेच, शिलाई मशीनचे. डाव्या बिजागरीखाली राखाडी गोळा. पाण्याच्या टाकीची गळती बुजवायला मळून लावतात ती पुट्टी! तिच्यावर बारक्या बोटाचा ठसा.

वरडलो, "कुणी हात घातला ह्यात?"

सौ. भाकरी थापत हुती. "आमी दोघींनी."

"कवा?"

"मागल्या गणपतीत तुमी लाथ मारल्याली, तवा."

मला आठवंना. खरंच आठवंना. "मग मला का सांगितलं न्हाई?"

"काय सांगायचं? तुमी मोडता, आमी चिकटवतो. वीस वर्सं तेच चाललंय."

मी हात उचलला. ती चुलीम्होरनं हलली न्हाई. म्हणाली, "मारा. पडले म्हणून सांगते डॉक्टरला. पाठ झालंय माझं."

हात वरच ऱ्हायला. किती वेळ, माहीत न्हाई. भाकरी जळाल्याचा वास आला तवा खाली घेतला. ह. सु. न्हाई. सुटायचाच बाकी हुता.

१० फेब्रुवारी
वावरात ऊसतोड चालू, मी घरात. घर बघत फिरलो. दिवाणाचा पाय, राखाडी. मिक्सरच्या भांड्याचा कान, राखाडी. घड्याळाची मागली बाजू. देवघराचं दार. दीपाचा शाळेतला बक्षिसाचा कप, दांडा जोडल्याला. एकेकापुढं उभा ऱ्हाऊन आठवायला बघितलं. निम्मं आठवलं. कपाचं आठवलं. सातवीत हुती, कप दाखवायला पळत आली, आन मी फोनवर कुणाशी तरी भांडत...

आधी संताप आला. माझ्याच घरात मला येडा करून ठेवला दोघींनी! मग लाज वाटली. न्हाणीत जाऊन रडलो. बास.

१२ फेब्रुवारी
तसली वायर त्याच दुकानात मिळती. गेलो. दुकानदारानं नवा चष्मा घातल्याला. मला बघून मागं सरकला, हात फोनवर. म्हटलं, "मी आपटला. पोरीच्या अंगावर." आईच्यान, जीभ लाकडाची झाल्ती.

"मला त्याच दिवशी कळलं हुतं," म्हणाला. वायर काउंटरवरनं लांबनंच सरकवली. "बिजागरीत पीळ पडू देऊ नका. जोर लावायचा न्हाई, अलगद दाबली की बसती." चष्म्याच्या पैशाचं काढलं तर हात जोडले, "तुमी जावा काका."

दुपारी बसवायला घेतली. दोनदा बसंना. तिसऱ्यांदा पक्कड अंगणात भिरकावली, कोंबडं थोडक्यात वाचलं. जाऊन पक्कड घिऊन आलो. ह्यो ह. सु. धरायचा का? धरला. चवथ्यांदा बसली. चालू केला, स्क्रीन लख्ख! वरडलो, "शालन, ये, बघ!" सौ. आली, पर दारातच थांबली.

१४ फेब्रुवारी
उंब्रज. मेव्हण्याच्या घरी बाहेरच्या सोप्यात बसलो. दीपाचे टाके काढल्यात, भुवई तिथं तुटकी दिसती. शेजारीण बसल्याली, तिनं विचारलं, "पायरीवरनं पडली म्हणं वो तुमची?"

"पडली न्हाई. मी लॅपटॉप फेकून मारला."

शेजारीण उठून गेली. मेव्हणा खाली बघत बसला. दीपानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

मग लॅपटॉप उघडला तिनं. चालू झाला. झाकण मागं केलं तशी एकदा फडफड झाली. एकदाच, लगेच थांबली. पर तेवढ्यात दीपाचा हात कपाळावर आडवा गेला, मेव्हण्याची बायको दोन पावलं मागं सरली. स्क्रीनकडं कोणच बघत नव्हतं. सगळी माझ्या हाताकडं बघत हुती. मी दोन्ही हात मांडीखाली घातले. आयुष्यात एवढा मार कवा बसला नव्हता.

निघताना विचारलं, "घरला येतीस?"

"बघू," म्हणाली. मग म्हणाली, "आप्पा, संभाळून जावा."

१५ फेब्रुवारी
आज ह. सु. न्हाई. तिसरा दिवस.

सकाळी सैपाकघरात फळीवर हळदीच्या डब्यामागं पुट्टीची डबी घावली. निम्मी शिल्लक. फेकून द्यायला निघालो. सौ. नं वाटंत माझ्या हातातनं काढून घेतली. झाकण घट्ट लावलं, परत हळदीच्या डब्यामागं ठेवली.

"असू द्या," म्हणाली. "वाळत न्हाई ती लवकर."