कॉलेजची मान्यता आणि ठमी

दि. ९ ऑक्टोबर

दादा आणि वहिनी,

दोघांना नमस्कार. इकडे आम्ही ठीक. हिचा गुडघा कुरकुरतो, पण जिन्याशी भांडत का होईना, खाली-वर करते. दादा, खोकला गेला का? वहिनी, औषध दिलंत की तिथून हलू नका. गोळी जिभेखाली लपवायची त्याची खोड जुनी आहे.

तुमची ठमी बरी आहे. फोनवर तुटक बोलते म्हणालात, तेव्हा परीक्षा जवळ आलीय असं मी सांगितलं. ते खरं नव्हतं. ती सध्या आमच्याकडे राहतही नाही. हॉस्टेलवर गेली.

आमच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजची तपासणी झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या देशातल्या कौन्सिलनं मान्यता दिली, तरच इथली परदेशी डिग्री घेऊन पोरीला घरी येऊन डॉक्टरकी करता येणार. "मी सर्जरीचा प्रमुख आहे, माझ्या डोळ्यांसमोर राहील," असं म्हणून मीच तिला इकडे आणली. कौन्सिलची अट अशी, की शेवटच्या वर्षाच्या मुलांनी स्वतःच्या हातानं ऑपरेशनं केलेली हवीत. आमच्याकडे जनावरंच पुरेशी येत नाहीत. येतात त्यांची ऑपरेशनं आम्ही मास्तर करतो, मुलं काचेपलीकडून बघतात. प्राचार्य म्हणाले, "एवढी तपासणी निभावून नेऊ, मग सुधारू." मी मान डोलावली.

कौन्सिलच्या कमिटीत एक सर्जनबाई होत्या. त्यांनी भर वर्गात विचारलं, "गाईचं पोट तुमच्यापैकी कुणी स्वतः शिवलंय?"

ठमी उभी राहिली. "नाही मॅडम. आम्ही फक्त बघतो."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि दादा, मी हसलो. हसत म्हणालो, "ही माझी सख्खी पुतणी, म्हणून सांगायला संकोच वाटतो. अभ्यासात जरा कच्ची आहे. हिच्याच हाती अजून सुरी दिलेली नाही. बाकीच्यांनी केलंय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. ठमी खाली बसली.

ती वर्गात पहिली असते, हे तुला दरवेळी मीच कौतुकानं कळवत आलोय.

संध्याकाळी ती ताटावर बसली, पण घास उचलेना. "काका, मी कच्ची आहे?"

"आधी जेव," एवढंच माझ्या तोंडून निघालं. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली. रात्री ठमी दार लावून रडत होती.

ते रडणं ऐकवेना, म्हणूनच सकाळी मी गेलो. यात मोठेपणा काही नाही. कमिटी गाडीत बसत होती. मी म्हणालो, "काल मी खोटं बोललो. पुतणीचं खरं होतं."

बाई थांबल्या. "हे काल बोलला असतात, तर ती मुलगी एकटी पडली नसती," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

कौन्सिलनं मान्यता नाकारली. शेवटच्या वर्षाच्या सगळ्यांना दुसऱ्या कॉलेजात हे वर्ष पुन्हा करावं लागणार, ठमीलाही. पोरं तिला घरभेदी म्हणायला लागली. मी वर्गात जाऊन सांगितलं, "मान्यता हिनं घालवली नाही, आम्ही घालवली. आणि ही कच्ची आहे, हे मी धडधडीत खोटं बोललो." तिनं मान वर केली नाही. बाहेर आल्यावर शांतपणे म्हणाली, "काका, हे त्याच दिवशी वर्गात, मॅडमसमोर म्हणायचं होतं." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

प्रमुखपद मी सोडलंय. त्यानं तिचं वर्ष परत येत नाही.

ती तुम्हाला यातलं काही सांगणार नाही. आपल्या काकूला म्हणाली, "बाबा काकांच्या नावानं छाती फुगवून चालतात. त्यांना काय सांगू?" म्हणून मी लिहितोय.

वहिनी, तिला फोन करा. वर्ष गेलं म्हणून हळहळू नका, आधी शाबास म्हणा. ते अजून तिला कुणीच म्हटलेलं नाही. मी म्हणायला गेलो, पण जीभ रेटेना. दादा, तू माझी बाजू घ्यायला जाशील. या खेपेला घेऊ नकोस.

ज्याच्या भरवशावर पोर धाडलीस,
तो तुझा धाकटा