हाताला औषध

आई, काल तुझ्या नातीच्या डोळ्याला रांजणवाडी आली. सकाळी उठली तीच डोळा चोळत. पापणीच्या केसांच्या मुळाशी ज्वारीच्या दाण्याएवढी लाल गाठ, जरा धक्का लागला की कळवळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोडायची नाही, चोळायची नाही. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून दिवसातून चार वेळा डोळ्यावर धरायचं, आठवड्याभरात बसेल. सूज गालापर्यंत पसरली किंवा ताप आला तर मात्र लगेच आणा. मी शहाण्यासारखी मान डोलावली, पण हे सगळं मला तू कधीच शिकवून ठेवलं होतंस.

तेव्हा आपण गंगापूर रोडच्या पलीकडे मळ्यात राहायचो. आता तिथे लिफ्टच्या इमारती आहेत. मी सहा वर्षांची, एक डोळा सुजून मिटलेला, आणि तू नुकतीच झेंडूवर फवारणी करून आलेली. पाणी कोमट केलंस, मला साबणानं हात धुवायला लावलेस आणि फडकंही मलाच पिळायला लावलंस. शेजारची काकू तिच्या पोरांना तळहातावर बोट घासून गरम बोट पापणीला लावायची. मलाही तसंच तुझं बोट हवं होतं. मी हट्ट धरला तशी तू दोन्ही हात पाठीमागे नेलेस.

"नाय गं बाई, माझ्या हाताला औषध हाय."

औषध म्हणजे दुखणं बरं करतं ते, एवढंच मला ठाऊक. हाताला औषध आहे आणि ही बया मला लावत नाही! त्या दुपारी हार गुंफता गुंफता तुला डुलकी लागली. मी हळूच तुझं बोट धरून डोळ्याला लावते आहे, आणि तू दचकून जागी होतेस. काडकन थोबाडीत. मग घमेल्यावर माझं डोकं धरून तांब्यावर तांबे पाणी डोळ्यात ओततेस. मी बोंबलते आहे, तूही रडते आहेस. तू का रडत होतीस ते मला कळलं नाही.

ती थपडेची गोष्ट मी सोडली नाही. कॉलेजात जाईपर्यंत कुठलंही भांडण झालं की मी तेच काढायचे: आजारी पोरीला मारणारी आई तू. तू उठून मोरीत जायचीस आणि हात धुवायचीस.

काल मीही फडकं लेकीच्याच हातात दिलं, तशी तिनं विचारलं, "तू का नाही धरत फडकं? तुझ्या हाताला काय झालंय?" माझ्या हाताला काय होणार, दिवसभर कंप्यूटर बडवते मी. तरी दोनदा साबण लावून हात धुतले आणि मगच फडकं धरलं.

हा कागद तिच्या चित्रकलेच्या वहीतला आहे, मागच्या बाजूला ती उद्या काहीतरी रंगवेल. रंगवू दे, तुझ्यापर्यंत तो तसाही पोचायचा नाही. म्हणून सांगते. आठवीत असताना फवाऱ्याच्या डब्यावरची कवटी पाहिली आणि त्याच दिवशी मला तुझं औषध कळलं होतं. भांडणात ती थप्पड कामी यायची, म्हणून मी तुला सांगितलं नाही.