पाच विषय नापास

लेओने, तुतुइला
९ मार्च

प्रिय पेनीदादा,

तालोफा! बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, तरी रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने तेच गातात. तुझी लेक लागी उंचीत माझ्या पुढे गेली, आता तुला गाठायच्या बेतात आहे. झाली खुशाली. आता बातमी ऐक.

मला प्रवेश मिळाला! मासळीच्या शास्त्रात एम.एस्सी., दोन वर्षं, पलीकडे अमेरिकेत. दहा वर्षं धक्क्यावर टूना मोजणाऱ्या तुझ्या बहिणीला! मी ऑफिसात अशी किंचाळले, की साहेबांच्या हातची कॉफी सांडली.

सुखासुखी नाही मिळाला हं. अर्जात विचारलं होतं: नागरिक की परदेशी? आपलं बेट अमेरिकेच्या ताब्यात, म्हणून आपण अमेरिकेचे खरे, पण पासपोर्टावर स्वच्छ छापलंय, नागरिक नव्हे. तू वीस वर्षं त्यांच्या सैन्याचा गणवेश घालतोस, तरी नव्हे! मी रकाना रिकामा सोडला, तर विद्यापीठाने मला परदेशी ठरवून इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि व्हिसाचे कागद मागितले. मग लावला फोन.

"तुमचा देश कोणता?" तिथली बाई म्हणाली.

"तुमचाच."

"म्हणजे नागरिक आहात?"

"नाही."

"अहो, असं कसं असेल?"

"बाई, मीही जन्मापासून हेच विचारतेय!"

ती खो खो हसली, आणि तिथेच आमचं जमलं. पासपोर्टाची प्रत घेऊन तिने वरिष्ठांना गाठलं. तीन दिवसांत मी 'इथलीच' झाले.

मग आल्या जुन्या गुणपत्रिका. दादा, इथे मघापासून माझा हात अडतोय. होनोलुलूला कॉलेजात तिसऱ्या वर्षी एका सत्रात माझे पाचही विषय नापास आहेत. प्रवेश समितीने कारण लेखी मागितलं.

तुला तेव्हा कळवलं होतं, कॉलेजने रजा दिली, काही नुकसान नाही. ते खोटं होतं. रजा मी मागितलीच नव्हती. वहिनी सात महिन्यांच्या लागीला ठेवून निघून गेली, तू युद्धावर, आई अंथरुणावर. मी पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी आले. लागी रात्रंदिवस माझ्या खांद्यावर. इकडे तिला पहिला दात आला, तिकडे परीक्षा होऊन गेल्या. डिग्री पुढे चार वर्षांनी कशीबशी पुरी केली.

समितीला हे मी एका पानात लिहिलं. परक्यांना लिहिता आलं आणि तुला चौदा वर्षं नाही, याची लाज वाटली. बोल लावत नाही रे. पुन्हा तीच वेळ आली, तर पुन्हा पाचही विषयांत नापास होईन.

पण आता पाळी माझी आहे. जूनमध्ये तुझा करार संपतोय. दर वेळी "आणखी एकदाच" म्हणतोस आणि सही ठोकतोस. या वेळी करू नकोस. एकट्या बाबांना लागी आवरायची नाही, आणि तिलाही फोनवरचा बाप पुरे झालाय.

काल विचारत होती, "आत्या, पप्पा आले तर झोपतील कुठे?"

म्हटलं, "माझ्या खोलीत."

लगेच उठली. जाऊन माझ्या कपाटातला एक कप्पा रिकामा केला आणि पुसून घेतला.

माझं विमान चौदा ऑगस्टला आहे.

त्या दिवसापर्यंत तुझी वाट पाहणारी,
वाइओला