रुसलेल्यांना कोण आणणार?

प्रिय बाबा,

परवा तुझ्या नातीची, माझ्या पूर्वाची हळद, आणि तुझे थोरले भाऊ, आपले काका, येणार नाहीत म्हणे. लग्नघरात कुणी रुसलं की अख्खं गाव तुझ्याकडे धावायचं. मलाही तीच सवय. वर्ष झालं तुला जाऊन, तरी लिहायला बसले. वेडेपणाच, दुसरं काय!

लहानपणी मी तुझ्यासोबत यायचे, आठवतं? रुसलेल्याच्या ओट्यावर बसून तू आधी पाणी मागायचास. लग्नाचा विषयच नाही! त्याच्या गेलेल्या आईच्या, तिच्या हातच्या भाकरीच्या गोष्टी काढायचास. मग एकच प्रश्न: "ती असती तं घरी बसली असती काय रं?" आणि गप्प. परतताना मला सांगायचास, "सवाल टाकायचा नि गप रायचा. जो पयला बोलंल तो हरला."

कॉलेजात मी आता हेच शिकवते. भावनिक आवाहन, उत्तर न मागणारा प्रश्न, विराम. मुलं वहीत उतरवून घेतात. तुझं नाव मात्र कधी घेतलं नाही रे. का नाही घेतलं?

ऑपरेशनला तू नको म्हणालास. काकाही म्हणाले, या वयात त्याला कापू नका. मी ऐकलं नाही. तुझ्या खाटेशी बसले, पाणी मागितलं, आईच्या आठवणी काढल्या. मग विचारलं, "पूर्वाच्या हळदीला रुसलेल्यांना कोण आणणार?" आणि गप्प राहिले.

किती वेळ बघत होतास माझ्याकडे! मग हसलास. "माजीच विद्या माज्यावर चालवतेस काय गो? चल, जाव."

कळलं होतं, तर हो का म्हणालास बाबा? एवढी माणसं वळवलीस, पोरीला नाही म्हणता येईना?

तू घरी आलाच नाहीस. तेराव्याला काका एवढंच बोलले, "तुजे बोलन्यानी गेला तो." तेव्हापासून माझं तोंड पाहत नाहीत. खरं सांगू? मलाही तसंच वाटतं. वर्गात तो धडा आला की माझा हात फळ्यावर थांबतो.

उद्या सकाळी पळस्प्याला जाते, काकांकडे. पाणी मागणार नाही, तुझ्या आठवणी काढणार नाही, सवाल तर नाहीच नाही. आपल्या माणसावर ती विद्या पुन्हा चालवणार नाही, वचन देते. सरळ सांगेन, काका, मीच त्याला बोलून ऑपरेशनला नेलं, माझं चुकलं. मग हळदीला येवोत, न येवोत.

पहिली मीच बोलेन, बाबा. हरले तर हरले.

तुझी,
बाय