शनिवारची होळी

८ मार्च
महिला दिन. मॉलमध्ये आम्हा बायकांना एकेक गुलाब, आणि लगेच फर्मान: रंगपंचमीपर्यंत होळीचा सेल, कुणालाही रजा नाही, धुळवडीला तेवढा अर्धा दिवस. नऊ तास उभं राहून पाय सुजलेत, गुलाब कुठे खोचू? ड्युट्या मी लावते, म्हणून शिव्याही मलाच.

१० मार्च
काउंटरवरची संगीता रजा मागायला आली. धडगावच्या वरच्या पाड्यातली पावरा आदिवासी पोर. दिवाळीत सगळे घरी पळाले तेव्हा हिनेच किल्ला लढवला. धाकट्या बहिणीचं शिक्षण हिच्याच पगारावर.
"ताई, आमना गावनी होळी शनवारनी शे. भाऊ बुध्या व्हयेल शे, माले जानंच पडी."
डोंगरात गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. भाऊ नवसाचा बुध्या होऊन, अंगभर नक्षी काढून, कमरेला घुंगरं बांधून नाचणार आणि ही इथे पिचकाऱ्या विकणार?
मॅनेजरसाहेबांना सांगितलं. पुण्याहून बदलून आलेत. "होळी देशभर एकच असते, मॅडम. शनिवारी कसली होळी? बहाणे नकोत." वर मोबाइलवर तारीख काढून मलाच दाखवली! डोकं फिरलं.

१५ मार्च, शनि.
सं. गेली. मला सांगून गेली, बरं केलं. तिच्या जागी मीच उभी, रांग दारापर्यंत. साहेब म्हणाले, "सोमवारी आली की काम संपलं म्हणून तुम्हीच सांगा. तुमची भाषा तिला कळते."
वा! एरवी गिऱ्हाइकाशी अहिराणी बोललं की डोळे वटारतात. घाण काम आलं की आमची भाषा चालते.

१७ मार्च, जेवणाची सुट्टी
सं. सकाळीच हजर. हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला, घेतला नाही. पुन्हा ठेवला, नाही.
"भाऊना आंगवर नक्षी काढी ना, तो रंग लागेल शे, ताई," म्हणाली हसून, आणि नळावर गेली. तिचं नाव साहेबांनी शनिवारीच मशीनमधून काढून टाकलंय. साबण लावून, अंगठा घासून घासून परत आली. "आते ली बरं," म्हणत पुन्हा मशीनवर ठेवला.
पुन्हा नाही.
इतका राग आला, नि रडूही. मशीन बिघडलंय असं मीच म्हटलं आणि तिला पिशव्या भरायला आत पाठवलं.
साहेब येतीलच आता. तिला मी सांगणार नाही, एवढं ठरलंय. त्यांना काय सांगायचं ते अजून—